ढावलोची तिसरी प्रत

रूपाबाई राठोड दुकानात शिरल्या की दुकानदार आधी पाणी मागवतो. त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. औंढ्याचा कापडवाला असो, नाहीतर हिंगोलीचा भांडीवाला, बाईंच्या तावडीतून कुणी सहज सुटलेलं ऐकिवात नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत त्यांचा तांडा. तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका. तांड्यातली निम्मी तरणी पोरं त्यांच्यासमोर मांडी घालून पहिलं गाणं म्हणायला शिकलेली. त्यामुळं लग्न असो, भांडण असो, पहिला शब्द आपला, ही बाईंची पक्की समजूत. आणि खरं सांगायचं तर तांड्याचीही तीच. बाई चुकत नाहीत असं नाही हो. पण चुकतानाही इतक्या ठामपणे चुकतात, की समोरच्यालाच वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय.

तर अशा या बाई एका सकाळी हिंगोलीला निघाल्या, ते कॉम्प्युटरची डिस्क घ्यायला. नवरा धनसिंग अंगणात दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "अगं, कुलदीपला जाऊ दे की. कॉम्प्युटर त्याचा हाय."

"कॉम्प्युटर त्याचा हाय, पर त्यातला माल माझा हाय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून जीपमध्ये बसल्या.

तो माल काय होता, ते आधी सांगितलं पाहिजे. गोरमाटी, म्हणजे बंजारा, माणसांत नवरी सासरी निघताना नुसती रडत नाही, गाऊन रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. याडीच्या, म्हणजे आईच्या गळ्यात पडून एक, बापाच्या गळ्यात पडून दुसरा, भावाचा निराळा, सख्यांचा निराळा. आणि हे आयत्या वेळी सुचत नसतं. लग्न ठरलं की जुन्या बायका नवरीला घेऊन बसतात आणि शिकवतात. चाल मात्र तांड्यातांड्याला बदलते. रूपाबाई एका तांड्यातून आलेल्या, त्यांच्या थोरल्या जाऊबाई रुख्मिणीबाई दुसऱ्यातून. दोघींच्याही गळ्यात माहेरची चाल. या घरची चाल होती एकट्या सासूबाईंच्या, लक्ष्मीबाईंच्या गळ्यात.

रूपाबाईंची लेक रीता, तिच्या लग्नाआधी लक्ष्मीबाईंनी तिला समोर बसवून सगळे ढावलो शिकवले. म्हातारी एक ओळ म्हणायची, रीता मागून म्हणायची, चुकली की म्हातारी खेकसायची. रीतानं ते सगळं फोनवर घेतलं, पाठ करायला बरं म्हणून. लग्न झालं, रीता हट्ट्याकडच्या तांड्यात नांदायला गेली, आणि पुढच्याच वर्षी म्हातारी गेली. रीताचा तो फोन तिच्या पोरानं पाण्याच्या बादलीत टाकला. नशीब, त्याआधी तिच्या भावानं, कुलदीपनं, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. म्हणजे आता जगात लक्ष्मीबाईंचा आवाज राहिला तो तेवढ्या एका जागी, आणि तो कॉम्प्युटर तर चालू होतानाच दम्याच्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकायचा.

आणि आता रुख्मिणीबाईंच्या धाकट्या लेकीचं, पूजाचं लग्न ठरलेलं. रुख्मिणीबाईंचा नवरा कधीच वारलेला. पूजाला वाढवली ती दोघी जावांनी मिळून. आजीच्या चालीत ढावलो म्हणायचा, एवढी एकच हौस त्या पोरीनं बोलून दाखवली होती. मग रूपाबाई गप्प बसतात होय?

हिंगोलीच्या मुन्नाभाईनं बाईंना पाहिलं आणि खरंच पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "आओ मौसी, बैठो."

"बसायला न्हाई आले. डिस्क दाखवा. घरातल्या सगळ्यायच्या फोनातलं, कॉम्प्युटरातलं एका जागी ऱ्हायला पायजे, टीव्हीवर बी दिसायला पायजे, आन् जायला न्हाई पायजे."

मुन्नाभाईनं चार नमुने मांडले. बाईंनी प्रत्येक डिस्क हातात घेऊन तोलली, उलटी केली, कानाशी धरून हलवलीसुद्धा. ही हलकी काहून? हिच्यात फिरतं काही न्हाई म्हणून? मग ती जड का? तिच्यात चकती फिरते म्हणून? आपटली तर कोणती टिकंल? उन्हाळ्यात तापते का? लाईट गेली तर? आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी येते, ध्यानात ठेवा. मुन्नाभाई उत्तरं देता देता घामाघूम झाला. शेवटी त्यानं कपाटावरून एक काळा डबा काढला. घरच्या वायफायला जोडायचा, की घरातले सगळे फोन आणि टीव्ही त्यात डोकावू शकतात. आणि आत दोन डिस्क.

"एक पे जो डालोगे, दूसरी पे अपने आप आता," मुन्नाभाई म्हणाला. "आईना समझो. एक खराब हुई तो दूसरी है."

बाईंना ते एकदम पटलं. एक गेली तर दुसरी आहे. जसं एका घरात दोन जावा. "हाच द्या," त्या म्हणाल्या.

"मौसी, एक सादी डिस्क भी ले लो साथ में. अलग रखने को. बॅकअप."

"काहून? दोन हायेत ना ह्याच्यात?"

"हैं, लेकिन वो दोनों तो..."

"लेकिन-बिकिन काही न्हाई, मुन्नाभाई. तुमी माल खपवून राहिले. आमी बी बाजार पाहिलाय."

मुन्नाभाईनं हात जोडले आणि डबा बांधून दिला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण इथं शब्द ऐकून घ्यायला बाई थांबल्या तर ना!

डबा घरी आला तो वरातीच्या थाटात. कुलदीपनं तो जोडला, कॉम्प्युटरातलं सगळं त्यात हलवलं, धापा टाकणारा कॉम्प्युटर मोडीत काढला, आणि बाईंनी अंगणात सगळ्यांना बसवून अंगणवाडीच्या सुरात धडा घेतला. "ह्याच्यात दोन डिस्क हायेत. एकातलं गेलं तरी दुसऱ्यात ऱ्हातं. कोणी काही भिऊ नका. आता बाईचा आवाज कुठं जात न्हाई." बाई म्हणजे सासूबाई, घरात लक्ष्मीबाईंना दोघी सुना तेच म्हणायच्या.

मग त्यांनी सगळ्या बायकांना टीव्हीच्या रिमोटवरून डबा उघडायला शिकवलं, आणि पुसायलाही. कारण फोनांमधून जे काय त्यात आलं होतं ते विचारू नका. गुलाबाची फुलं, सकाळचे नमस्कार, एकाच वासराचे ढीगभर फोटो. "नको ते इथून असं पुसायचं," बाईंनी करून दाखवलं. रुख्मिणीबाई तशा भिडस्त. मशिनीला हात लावायला बिचकायच्या. रूपाबाईंनी त्यांचं बोट धरून बटन दाबायला लावलं आणि त्यांनी पहिला गुलाब पुसला, तेव्हा दोघी जावा पोरींसारख्या खिदळल्या.

दिवस असे मजेत चालले होते. कुलदीपची बायको प्रियदर्शनी पोटुशी होती. ती दुपारी टीव्हीसमोर पाय लांब करून बसायची. पूजाचा साखरपुडा झाला. त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनमधून आपोआप डब्यात चालले होते, तेव्हा रूपाबाईंनी जाहीर केलं की आजपासून ढावलोचा अभ्यास सुरू. पूजाला समोर बसवलं, मांडीवर वही घ्यायला लावली आणि रिमोट हातात घेऊन त्यांनी डबा उघडला.

सासूबाईंचा आवाज तिथं नव्हता.

वर पाहिलं, खाली पाहिलं. वासरू होतं. साखरपुडा होता. लक्ष्मीबाई नव्हत्या.

"काकी?" पूजानं वही मिटली.

"घाबरू नको. दुसऱ्या डिस्कवर हाय ना." बाईंचा आवाज खणखणीत होता. त्यांनी मुन्नाभाईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि दुसरी डिस्क कशी उघडायची ते विचारलं. पलीकडं मुन्नाभाई फार हळू बोलला. "मौसी, आईना है वो. एक पे से पुसा तो दूसरी पे से भी पुस गया. मैं वही बोल रहा था उस दिन."

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला. "मी पुसलं."

रुख्मिणीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातातली परात तशीच. "प्रियदर्शनी रोज दुपारी लावून ऐकत व्हती. पोटुशी पोरगी, आन् घरात रडायचं गाणं. माझ्या जिवाला बरं वाटंना. म्हनलं टीव्हीतलं तेवढं काढावं, बाळंत झाल्यावर दुसऱ्यातलं लावता येईल. तूच म्हनली व्हतीस ना रूपा, एकातलं गेलं तरी दुसऱ्यात ऱ्हातं."

रूपाबाईंच्या डोक्यात सणकन आग गेली. तोंडाशी शब्दही आला होता. पण तो शब्द कुणाला उद्देशून म्हणायचा? वाक्य तर त्यांचंच होतं. पुसायला बोट धरून शिकवणाऱ्याही त्याच. मुन्नाभाईचं 'लेकिन' तोडणाऱ्याही त्याच. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पूजा तोंड झाकून रडायला लागली. रुख्मिणीबाई रडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या भिंतीला टेकल्या.

फोनवर मुन्नाभाई अजून होताच. "मौसी, डबा चालू है क्या? उसमें नया जाता रहेगा तो पुसा हुआ वापस नहीं निकलेगा. बंद करो पहले!"

साखरपुड्याचे फोटो अजून वर चढतच होते. बाई उठल्या आणि त्यांनी सरळ वायर उपटली. घरभर बोंब झाली. कुणाचे फोटो अर्धवट राहिले, कुणाचा डब्यातला व्हिडिओ अडकला, पाहुण्यांचे फोन यायला लागले. "कोणी ह्या वायरीला हात लावंल तर माझ्याशी गाठ हाय," बाई म्हणाल्या. तो आवाज पुन्हा त्यांचा नेहमीचा होता, आणि घराला जरा धीर आला.

मग धनसिंग पुढं झाले. लदेणीच्या गोष्टी त्यांनी आज्याकडून ऐकलेल्या. बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडेच्या तांडे मुलूख पालथा घालायचे त्या काळच्या. ते म्हणाले, "दोन बैल व्हते तुझ्याकडं, बराबर हाय. पर एकाच दोरीनं बांधले. एक नदीत बसला, तसा दुसरा बी बसला. मीठ गेलं पाण्यात."

"हे डबा आणला त्या दिवशी तुमी काहून न्हाई बोलले?"

"तू बोलू दिलं का?"

खरं होतं ते.

डबा पदरात गुंडाळून बाई दुसऱ्या दिवशी मुन्नाभाईकडं गेल्या. त्यानं तो नांदेडच्या एका माणसाकडं पाठवला, जो पुसलेलं उकरून काढतो. "मिलेगा, नहीं मिलेगा, बोल नहीं सकता," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं. मधल्या दिवसांत घरात टीव्ही चालू होता, स्वयंपाक होत होता, लग्नाची बोलणी होत होती; पण रुख्मिणीबाईंनी रिमोटला बोट लावलं नाही. कुणी फोन पुढं केला तरी त्या हात मागं घ्यायच्या. "माझ्या हातात नका देऊ बाई," म्हणायच्या. रूपाबाईंच्या काळजाला हे फार लागायचं. आवाज गेला तो गेला, पण ही बाईही आपण घालवली की काय, असं त्यांना वाटायचं.

आणि नांदेडहून निरोप आला, की निघालं. सगळं नाही, पण निघालं. फक्त फाइलींची नावं सगळी पुसली गेली होती आणि गुलाब, वासरू, नमस्कार, सगळं एकात एक कालवून परत आलं होतं. पूजा आणि रूपाबाई एकेक उघडत बसल्या. गुलाब. गुलाब. वासरू. कुणाचं तरी बारसं. आणि मग एकदम एक खोकला, आणि पाठोपाठ, "नीट बस पोरी, वाकून काहून बसली?" पूजानं किंकाळीच फोडली. रूपाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. भावासाठीचा ढावलो तेवढा मधेच तुटला होता. तो गेला तो गेलाच. बाकीचा म्हातारीचा गळा जसाच्या तसा होता.

आता डिस्कची निवड पुन्हा करायची होती. या वेळी रूपाबाईंनी जाऊबाईंना हाताला धरून जीपमध्ये बसवलं. "मी काय करू तिथं येऊन?" "काही करू नका. बसा."

मुन्नाभाईनं या वेळी पाणी मागवलं ते तिघांसाठी. त्यानं इंटरनेटवर साठवायची सोय सांगितली; दूर कुठंतरी ठेवतात, घर जळलं तरी राहतं. बाईंनी ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये न बोलता, हे मुन्नाभाई अजून लोकांना सांगतो. "चांगलं हाय. नेट नीट आलं की तेबी करू. पर आमच्या तांड्यात आभाळ आलं की नेट जातं. आज मला हातात धरता येईल असं पायजे." मग त्यानं दोन साध्या डिस्क काढल्या, तळहातावर मावतील अशा.

तेव्हा रुख्मिणीबाई पहिल्यांदा बोलल्या. "ह्या डब्यातलं मी पुसलं, तर ह्याच्यातलं पुसंल का?"

"नहीं मौसी. जब तक जोडोगे नहीं, तब तक इसको कुछ मालूमच नहीं पडता."

रुख्मिणीबाईंनी मान हलवली. रूपाबाईंना वाटलं, पहिल्या खेपेला सगळं विचारलं आपण, तापते का, आपटते का, लाईट जाते का. पण माणसाचा हात चुकला तर काय, हे विचारलंच नाही. आपला हात चुकतो हे कधी मनातच आलं नाही ना! "दोन्ही द्या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाईंनी पुन्हा अंगणात धडा घेतला, पण आखूड. डबा टीव्हीजवळ राहील, सगळ्यांनी वापरावा. एक डिस्क कपाटात. रविवारी तेवढी जोडायची, नवीन भरायचं, काढून ठेवायची. "आन् ही तिसरी प्रत ह्या घरात ऱ्हानार न्हाई. घराला काही झालं तरी बाईचा आवाज ऱ्हायला पायजे. ही रीताकडं, हट्ट्याकडं नांदायला जाईल. दिवाळीला, होळीला माहेरी येईल, नवीन घेऊन परत जाईल."

सगळे हसले. प्रियदर्शनी म्हणाली, "कोण नेऊन सोडनार मग हिला?"

"जाऊबाई."

रुख्मिणीबाई उठून आतच निघाल्या होत्या. "न्हाई, रूपा. माझ्या हातून एकदा..."

"म्हनूनच." रूपाबाईंनी डिस्क त्यांच्या हातात ठेवली आणि वरून स्वतःचे दोन्ही हात दाबून धरले. "ह्या घरात सगळ्यात जास्त कोण जपंल हिला? मी? मी तर बोलता बोलता कुठंबी ठेवंन. ज्याच्या हातून एकदा दूध सांडतं, त्याचं चुलीवरच्या गंजावरून ध्यान हलत न्हाई. चूक माझी व्हती, तुमी माझ्या शब्दावर भरोसा ठेवला एवढंच. आता माझा तुमच्यावर भरोसा हाय. नेता का न्हाई?"

रुख्मिणीबाईंनी डिस्क चोळीच्या आत ठेवली.

रुख्मिणीबाई डिस्क घेऊन हट्ट्याकडं गेल्या, त्या दिवशी पूजा दुपारभर टीव्हीसमोर आजीमागून ओळी म्हणत होती. रूपाबाई मान डोलावत होत्या, पण खरं सांगायचं तर काहीतरी जमत नव्हतं. सूर बरोबर, शब्द बरोबर, तरी म्हातारी म्हणायची तसं काळीज हलत नव्हतं. रूपाबाईंना ते काय ते सापडेना. सापडणार कसं, त्यांच्या गळ्यात माहेरची चाल.

तेवढ्यात रीताकडून फोन आला. पलीकडं लक्ष्मीबाईंचाच आवाज मोठ्यानं लागला होता, आणि त्यावरून रुख्मिणीबाई बोलत होत्या.

"रूपा, लागलं गं. डिस्क लागली."

"लागली ना? पाहिलं? मी म्हनलं व्हतं ना जाऊबाई, तुमी उगं भिऊन..."

"तू थांब जरा." रूपाबाईंना असं म्हणणारं त्या घरात आजवर कुणी निघालं नव्हतं. "रीता, आवाज वाढव. आनखी वाढव." म्हातारीचा गळा फोनमध्ये मोठा झाला, याडीच्या गळ्यात पडून म्हणायचा ढावलो होता तो. रुख्मिणीबाई तो ओळभर ऐकत राहिल्या, आणि मग बोलल्या तेव्हा आवाज पक्का होता. "पूजाला सांग, ती दर ओळीला दम घेऊन राहिली. माझ्या गळ्यात ती चाल न्हाई, पर मी रोज अंगनातून कान लावून ऐकते. बाई दम घेत न्हाईत तिथं. याडी म्हनल्यावर थांबायचंच न्हाई, तसंच पुढं जायचं, मंग रडू आपोआप येतं. तिला म्हनाव आता बंद कर. मी संध्याकाळी येते आन् माझ्या लेकीला मी शिकवते."